विकिपीडियावरचं आपलं पान आपलं नसतं

२०१५ च्या फेब्रुवारीत इंग्रजी विकिपीडियाच्या लवाद समितीने एका प्रचालकाचे (विशेष अधिकार असलेल्या संपादकाचे) अधिकार काढून घेतले आणि त्याच्यावर बंदी घातली. आयआयपीएम या खासगी व्यवस्थापन संस्थेच्या पानावर तो वर्षानुवर्षं एकाच दिशेने काम करत होता. संस्थेबद्दलचा प्रतिकूल मजकूर पातळ होत गेला आणि स्तुती टिकून राहिली. या संस्थेला विद्यापीठ अनुदान आयोगाची किंवा एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) मान्यता नव्हती. २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिला जाहिरातींत 'एमबीए', 'बीबीए' असे शब्द वापरायला मनाई केली. मधल्या काळात लाखोंची फी भरण्याआधी ज्या मुलांनी संस्थेचं नाव इंटरनेटवर शोधलं, त्यांना काय वाचायला मिळालं असेल? कुंपणानेच शेत खाण्याचा हा प्रकार. त्या माणसाने उघड खोटं लिहिण्याचा मार्ग पत्करलाच नव्हता. 'हा स्रोत विश्वसनीय नाही', 'हा मजकूर असंतुलित आहे' अशी नियमांचीच भाषा त्याच्या कामी येत होती.

ज्याच्याशी आपला जवळचा संबंध आहे त्याबद्दल विकिपीडियावर थेट लिहिणं टाळावं, असा नियम आहे; या संबंधालाच तिथे हितसंबंध म्हणतात. हितसंबंध म्हणजे खोटारडेपणा, अशी एक सोयीस्कर समजूत आहे. 'मी जे लिहिलं ते खरंच आहे, मग अडचण काय?' असं लिहिलेलं काढून टाकल्यावर हमखास विचारलं जातं. अडचण वाक्यात नसते, निवडीत असते. कारखान्याच्या जनसंपर्क अधिकाऱ्याने लिहिलेल्या दहा ओळींतली प्रत्येक ओळ खरी असू शकते. गाळपाचा विक्रम खरा, पुरस्कार खरा, संस्थापकांचं शिक्षण खरं. ऊस उत्पादकांची थकीत बिलं मात्र त्या दहा ओळींत कधीच येत नाहीत. काय गाळलं हे गाळणाऱ्यालाही अनेकदा जाणवत नाही, कारण आपला तो बाब्या. म्हणून हा नियम माणसाच्या सचोटीबद्दल काही बोलत नाही, फक्त त्याच्या नात्याबद्दल बोलतो: पगार, कंत्राट, मालकी, रक्ताचं नातं, पक्षाचं पद, कोर्टातला वाद. शेवटचा मुद्दा लोक विसरतात. नोकरीवरून काढलेल्या माणसाने कंपनीच्या पानावर 'वाद' नावाचा विभाग उघडणं हाही हितसंबंधच आहे, फक्त उलट्या दिशेचा.

उलट बाजूने हा शब्द कुणालाही मारायला वापरणं तितकंच चूक. मराठी माणसाने शिवकालावर लिहिणं, नाशिककराने नाशिकवर लिहिणं किंवा डॉक्टरने मधुमेहावर लिहिणं हा हितसंबंध नव्हे. तिथे पूर्वग्रह असू शकतो, पण पूर्वग्रहाला संदर्भ मागून आणि चर्चा करून आवर घालता येतो. त्याच डॉक्टरने स्वतःच्या रुग्णालयाचं पान लिहिलं किंवा मधुमेहाच्या पानावर स्वतःच्या शोधनिबंधांचे सहा संदर्भ घातले, की गोष्ट बदलली.

नियमाचे दोन थर आहेत आणि त्यांची गल्लत सगळीकडे होते. पहिला थर इंग्रजी विकिपीडियावरच्या मार्गदर्शक तत्त्वांचा: जवळचा संबंध असलेल्या पानावर थेट संपादन टाळा. इथे 'टाळा' असंच म्हटलं आहे. दुसरा थर कडक आहे. १६ जून २०१४ रोजी विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने वापराच्या अटी बदलल्या. तेव्हापासून मोबदला घेऊन किंवा मिळेल या अपेक्षेने लिहिणाऱ्याने मालक, ग्राहक आणि त्या कामाशी असलेला संबंध जाहीर करणं सक्तीचं झालं. ही घोषणा स्वतःच्या सदस्य पानावर, लेखाच्या चर्चा पानावर किंवा संपादन सारांशात (बदल जतन करताना लिहायच्या छोट्या टिपेत) करता येते. भाषेनुसार विकिपीडियांना याऐवजी आपली वेगळी पद्धत ठरवता येते, पण तशी ठरवलेली नसेल तर हीच अट लागू राहते. त्यात स्वतःचं नाव सांगण्याची सक्ती कुठेही नाही. 'अमुक बँकेच्या जनसंपर्क विभागात नोकरीला आहे' एवढं पुरतं. उलट दुसऱ्या कुणी तुमची खरी ओळख खणून चव्हाट्यावर आणली, तर कारवाई त्याच्यावर होते. जनसंपर्क विभागातला पगारी कर्मचारी, निवडणूक प्रचारात समाजमाध्यमं सांभाळणारा, साहेबांच्या सांगण्यावरून पान 'अपडेट' करणारा स्वीय सहायक हे सगळे 'मोबदला घेणारे' ठरतात. पानामागे वेगळे पैसे मिळाले नाहीत, हा बचाव चालत नाही.

नियम इतका स्पष्ट करायची वेळ का आली, त्याचा इतिहास मोठा आणि बराचसा करमणुकीचा आहे. खुद्द विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स २००५ मध्ये स्वतःच्या पानावर दुसऱ्या सहसंस्थापकाचा उल्लेख बदलताना सापडले होते. २००७ मध्ये व्हर्जिल ग्रिफिथ याने 'विकीस्कॅनर' नावाचं साधन उघडं केलं. खातं न उघडता केलेल्या संपादनांचे अंकपत्ते (आयपी ॲड्रेस) ते संस्थांच्या नोंदींशी जुळवून दाखवायचं. मतदान यंत्रं बनवणाऱ्या डिबोल्ड कंपनीच्या संगणकांवरून त्याच कंपनीच्या यंत्रांवरची टीका परिच्छेदच्या परिच्छेद उडवली गेली होती, हे त्यातून जगाला दिसलं. यानंतर मोठ्या संस्था शहाण्या झाल्या, म्हणजे त्यांनी हे काम बाहेर द्यायला सुरुवात केली. लंडनची बेल पॉटिंजर ही जनसंपर्क कंपनी २०११ मध्ये अशीच उघडी पडली. २०१३ मध्ये 'विकी-पीआर' या अमेरिकी कंपनीशी जोडलेली अडीचशेहून अधिक खाती बंद करावी लागली.

मात्र ज्यांना विकिपीडियावर आपलं पान हवंय त्यांनी नीट वाचावं असं प्रकरण २०१५ च्या ऑगस्टमधलं आहे. त्याला 'ऑरेंजमूडी' म्हणतात. तेव्हा ३८१ खाती बंद झाली आणि २१० लेख काढून टाकले गेले. पद्धत अशी होती: छोट्या व्यावसायिकाने किंवा कलाकाराने पाठवलेला आणि नाकारला गेलेला कच्चा मसुदा ही टोळी हेरायची. मग त्या माणसाशी संपर्क साधून 'आम्ही विकिपीडियाचे अनुभवी संपादक, पैसे द्या, लेख लावून देतो' असं सांगायची. लेख लागला की तो 'सांभाळण्यासाठी' दरमहा पैसे. यात फसवले गेले ते छोटे लोक. आजही 'विकिपीडिया पेज बनवून मिळेल' असा निरोप येतो, तेव्हा त्यामागचा धंदा साधारण हाच असतो. पैसे घेणारा लेख टिकण्याची हमी देऊ शकत नाही, कारण ती कुणाच्याच हातात नाही. चार दिवस आणि दहा किरकोळ बदल झाले की इंग्रजी विकिपीडियावर खात्याला थेट नवा लेख लावता येतो. म्हणून अशी खाती आधी दहा ठिकाणी स्वल्पविराम हलवतात आणि अकराव्या बदलात संदर्भ, छायाचित्र, माहितीचौकट यांसकट अख्खं चरित्र उतरवतात. अनुभवी डोळ्याला हा नमुना इतिहासाच्या पानावर, म्हणजे बदलांच्या नोंदीत, लगेच दिसतो.

आता मराठी विकिपीडियाकडे येऊ. तो १ मे २००३ पासून चालू आहे. लेखांची संख्या लाखाच्या घरात आहे, पण रोज लक्ष ठेवणारे हात फार थोडे. मोठ्या विकिपीडियावर संशयास्पद बदल काही मिनिटांत परतवला जातो. इथे तो महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं पडून राहतो. आणि शोधयंत्रं, फोनवरचे सहायक, भाषेची नवी एआय प्रारूपं हे सगळे मराठीतली माहिती उचलताना याच साठ्याकडे वळतात. मराठीत मजकूर मुळात कमी, त्यामुळे एका संस्थेने स्वतःबद्दल लिहिलेल्या चार ओळींना इथे इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त वजन मिळतं.

मराठीतल्या हितसंबंधाचा चेहराही वेगळा आहे. इथे सराईत टोळ्यांपेक्षा हौस जास्त. गावाच्या पानावर विद्यमान सरपंच आणि उपसरपंचांची नावं, महाविद्यालयाच्या पानावर प्राचार्यांचा परिचय, संस्थापकांच्या चरित्रात 'शिक्षणमहर्षी', 'सहकारमहर्षी', 'वंदनीय', 'यांचा मोलाचा वाटा आहे'. ही भाषा गौरवग्रंथातून येते. आपल्याकडे एखाद्याबद्दल चांगलं लिहिणं म्हणजे त्याचं अभीष्टचिंतन करणं, अशी सवय पडली आहे, आणि लिहिणाऱ्याला आपण काही वावगं करतोय असं वाटतच नाही. २७ फेब्रुवारीच्या आसपास मराठी भाषा गौरव दिनानिमित्त महाविद्यालयांत विकिपीडिया कार्यशाळा होतात. त्या स्तुत्यच आहेत. पण विद्यार्थ्याला विषय सुचत नाही, समोर प्राध्यापक उभे असतात आणि पहिला लेख स्वतःच्या महाविद्यालयावर जातो. विद्यार्थ्याला पगार मिळत नसला तरी गुण देणाऱ्याची संस्थाच लेखाचा विषय आहे, याला हितसंबंध नाही तर काय म्हणायचं?

छायाचित्रांत तर हे आरशासारखं दिसतं. नेत्याचं स्टुडिओत प्रकाशयोजना करून काढलेलं छायाचित्र कॉमन्सवर (विकिपीडियाच्या मुक्त छायाचित्रांच्या साठ्यावर) चढवताना 'स्वतःचे काम' हा पर्याय निवडलेला असतो. एक तर ते खोटं आहे, कारण प्रताधिकार बहुधा छायाचित्रकाराचा असतो आणि त्याची परवानगी ईमेलने नोंदवावी लागते. किंवा ते खरं आहे, म्हणजे चढवणारा नेत्याच्याच यंत्रणेतला आहे आणि ते त्याने जाहीर केलेलं नाही. दोन्हीकडून अडचण. 'द नॉर्थ फेस' या कपड्यांच्या कंपनीने २०१९ मध्ये ब्राझीलमधल्या जाहिरात कंपनीमार्फत याच वाटेने मोठी मजल मारली होती. प्रसिद्ध पर्यटनस्थळांच्या पानांवरची छायाचित्रं काढून, आपली उत्पादनं घातलेल्या माणसांची छायाचित्रं तिथे लावली गेली, म्हणजे शोधयंत्रात वरच्या जागा फुकट मिळाव्यात. वर त्या पराक्रमाची जाहिरात फीतही काढली. नंतर माफी मागावी लागली.

मराठीतली खरी गाठ मात्र संदर्भांपाशी आहे, आणि तिच्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. नियम सांगतो, विषयापासून स्वतंत्र असलेला प्रकाशित स्रोत द्या. संस्थेचा माणूस वर्तमानपत्राचं कात्रण देतो. कात्रण असतं वाढदिवसाच्या पुरवणीतलं, जिचा मजकूर आणि पैसे दोन्ही संस्थेकडूनच आलेले. पानाच्या कोपऱ्यात बारीक टायपात 'जाहिरात' लिहिलेलं असतं किंवा तेही नसतं. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीनंतर पेड न्यूजचा गदारोळ झाला आणि २०१० मध्ये प्रेस कौन्सिलचा अहवालही आला. पण विकिपीडियाच्या तळटीपेत ते कात्रण आजही 'दैनिकातील लेख' म्हणून मानाने बसतं. म्हणजे लेखकाचा हितसंबंध आपण पकडला, तरी संदर्भाचा हितसंबंध निसटतोच. म्हणून पुरवण्या, गौरवांक, स्मरणिका आणि संस्थेने छापलेली चरित्रं यांना मराठी विकिपीडियाने स्पष्ट शब्दांत 'संबंधित स्रोत' म्हणावं. त्यांच्यावरून जन्मतारीख, स्थापनेचं वर्ष, शाखांची संख्या घ्यायला हरकत नसावी. उल्लेखनीयता (म्हणजे विषय लेखाच्या लायकीचा आहे का) आणि कौतुक मात्र त्यांच्यावरून अजिबात ठरू नये. नोंदीत 'पुरवणी' हा शब्द लिहिणं सक्तीचं केलं, तरी निम्मं काम होईल.

'पूर्वीचे कोश तरी कुठे तटस्थ होते?' हा आक्षेप रास्त आहे. फरक एवढाच की मराठी विश्वकोशात नोंदीच्या शेवटी लेखकाचं नाव छापलेलं असतं. वाचक त्या नावावरून स्वतःचा हिशेब मांडू शकतो. विकिपीडियावर टोपणनाव असतं, म्हणून नात्याची घोषणा त्या सहीची जागा घेते. ती नसेल तर वाचकाच्या हातात काहीच उरत नाही. अलीकडे बहुतेक विकिपीडियांवर खातं नसलेल्यांचे अंकपत्तेही लपवले जातात आणि त्यांच्या जागी तात्पुरती खाती दिसतात. गोपनीयतेच्या दृष्टीने ते योग्यच आहे, पण विकीस्कॅनरसारखी जनतेची नजर आता शक्य नाही. बनावट खाती तपासण्याचा अधिकार लहान विकिपीडियांवर सहसा स्थानिक कुणाकडे नसतो. मेटा-विकी या सगळ्या विकिपीडियांच्या सामायिक संकेतस्थळावर स्टुअर्ड मंडळींकडे (सगळ्या विकींवर अधिकार असलेल्या स्वयंसेवकांकडे) विनंती करावी लागते आणि तपासणीचा तांत्रिक तपशील फक्त ९० दिवस टिकतो. संशय आला की तो तीन महिन्यांच्या आत, इतिहासातल्या नेमक्या बदलांचे दुवे देऊन मांडावा लागतो. वर्षभराने चावडीवर (मराठी विकिपीडियाच्या सामायिक चर्चेच्या पानावर) केलेली तक्रार नुसती कुरकुर ठरते.

मग ज्याच्याबद्दल चुकीचं लिहिलंय त्याने करायचं काय? हा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर 'गप्प बसा' असं नाही. शिवीगाळ, उघड नासधूस, शुद्धलेखन आणि जिवंत व्यक्तीबद्दलचा संदर्भहीन बदनामीकारक मजकूर संबंधित माणसानेही थेट काढावा. त्याला कुणी आडकाठी करत नाही. बाकी सगळ्यासाठी चर्चा पान. समजा एका नागरी सहकारी बँकेच्या पानावर 'बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आहेत' असं वाक्य आहे आणि निर्बंध मागेच उठले आहेत. बँकेतला माणूस सहसा काय करतो? अख्खा परिच्छेद उडवतो आणि सारांशात 'चुकीची माहिती काढली' लिहितो. परिच्छेद परत येतो. हा पुन्हा उडवतो. खातं बंद होतं आणि इतिहासात तो खेळ कायमचा राहतो. एखाद्या पत्रकाराच्या नजरेला पडला, तर निर्बंधांपेक्षा तीच बातमी मोठी होते.

त्याने चर्चा पानावर चार ओळी लिहायला हव्या होत्या. पहिलीत सध्याचं वाक्य जसंच्या तसं. दुसरीत सुचवलेलं वाक्य: 'रिझर्व्ह बँकेने कलम ३५अ खाली अमुक तारखेला घातलेले निर्बंध तमुक तारखेला उठवले.' तिसरीत रिझर्व्ह बँकेच्या प्रसिद्धिपत्रकाची तारीख आणि दुवा. चौथीत स्वतःचा संबंध. शेवटी सहीसाठी चार वेळा ~ हे चिन्ह. एका विनंतीत एकच बदल असावा, कारण सात बदलांची विनंती वाचायला कुणी बसत नाही. आणि सुचवलेल्या वाक्यात निर्बंधांचा उल्लेख राहिला आहे, हे लक्षात घ्या. इतिहास पुसायला मागणारी विनंती फेटाळली जाते. इतिहास पुरा करणारी सहसा मान्य होते.

'पण उत्तर कोण देणार?' इथे मराठीची दुखरी नस आहे. इंग्रजीतही अशा विनंत्यांची रांग अनेकदा शंभराच्या पुढे जाते आणि माणसाला महिनोन्‌महिने थांबावं लागतं. मराठीत चर्चा पानं बहुतांशी ओसाड. 'इथे लक्ष द्यायला कुणी नाही, म्हणून संबंधितांना थेट लिहू द्यावं' असा व्यवहारी सूर काही जण लावतात. तो मला मान्य नाही. राखण करायला माणसं नसतात, नेमकं तिथेच दार उघडं ठेवणं जास्त महागात पडतं. क्रोएशियन विकिपीडियावर मूठभर प्रचालकांनी दशकभर एका विचारसरणीचा कब्जा बसवला होता, आणि २०२१ मध्ये फाउंडेशनच्या अहवालातून त्याची व्याप्ती समोर आली. लहान भाषांचं दुखणं तिथे पूर्ण वाढलेलं दिसतं. कमी माणसं असतील तर मागण्या कमी करा, सूट वाढवू नका.

म्हणून संस्थांना माझं सांगणं असं की वाक्यं देऊ नका, साहित्य द्या. जुने वार्षिक अहवाल तारखेसह स्वतःच्या संकेतस्थळावर उघडे ठेवा. इमारतींची, यंत्रांची, हस्तलिखितांची छायाचित्रं छायाचित्रकाराच्या लेखी संमतीने मुक्त परवान्याखाली कॉमन्सवर द्या. ग्रंथालयात असतील तर तुमच्याबद्दलच्या जुन्या स्वतंत्र लेखांची, टीकेसकट, पृष्ठ क्रमांकासह यादी चर्चा पानावर ठेवा. ब्रिटिश म्युझियमने २०१० मध्ये पहिल्यांदा निवासी विकिपीडियन नेमला, तेव्हा त्याचं काम संग्रह आणि संपादक यांची गाठ घालून देण्याचं होतं, संग्रहालयाची जाहिरात करण्याचं नव्हे. पुण्या-मुंबईतल्या जुन्या ग्रंथालयांना आणि संशोधन मंडळांना हा नमुना सहज जमण्यासारखा आहे. स्वतःबद्दलचं पान सोडून बाकी हजार पानांना त्यांच्या कपाटातलं साहित्य उपयोगी पडेल.

कार्यशाळा भरवणाऱ्यांकडून तर याहून सोपी अपेक्षा आहे. विषयांची यादी आदल्या आठवड्यात तयार करा, ज्यात स्वतःची संस्था, तिचे पदाधिकारी, प्रायोजक आणि उद्घाटक नसतील. जवळच्या नदीचं पान, तालुक्यातल्या किल्ल्याचं, एखाद्या पिकाचं, बंद पडलेल्या नियतकालिकाचं. प्रत्येक विद्यार्थ्याला धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) लिहू द्या आणि लेख मुख्य नामविश्वात, म्हणजे वाचकांसमोरच्या लेखांत, हलवण्याआधी दोन स्वतंत्र संदर्भ आहेत का, ते दुसऱ्या विद्यार्थ्याकडून तपासून घ्या. सदस्य पानावर 'अमुक महाविद्यालयाच्या कार्यशाळेत सहभागी' एवढी ओळ टाकायला अर्धं मिनिट लागतं. आणि दुपारच्या सत्रातला एक तास चर्चा पानांवर पडून असलेल्या विनंत्या निकाली काढायला द्या. तीस विद्यार्थ्यांनी दोन-दोन विनंत्या पाहिल्या, तरी एका दुपारी साठ प्रश्नांना संबंध नसलेल्या माणसाकडून उत्तर मिळेल.